घटानंतरची पेरणी

नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना बी उगवून बघण्याची सवय आधीपासून असते. परडीत शेतातली काळी माती, तिच्यात मूठमूठ धान्य, रोज बेताचं पाणी, आणि नवव्या माळेपर्यंत वीतभर वाढलेले कोंब. कोणतं धान्य कसं तरारलं यावरून जुनी माणसं बियाण्याचा अंदाज बांधत. देवघरातली ती उगवण चाचणीच म्हणायची. घरी भाज्या लावायला निघालेल्या माणसाने या घटापासूनच शिकावं, पण एक गोष्ट सोडून. घटातले कोंब पिवळे आणि लांबुळके होतात ते उन्हावाचून. दसऱ्याला टोपीत खोचायला ते शोभतात. टोमॅटोचं रोप मात्र तसं वाढलं की मान टाकतं. फ्लॅटच्या खिडकीत, पडद्याआड ठेवलेली बहुतेक रोपं अशीच वाया जातात, आणि दोष जातो बियाण्याला. पहिला कोंब दिसला की ट्रे उजेडात आणायचा आणि चार-पाच तास तरी थेट ऊन द्यायचं.

थंड मुलुखातली पुस्तकं बी घरात, उबेला पेरायला सांगतात, कारण तिकडे वसंतातही बाहेर हिम पडतं. आपल्याला ती कसरत नको. बहुतेक भाज्यांचं बी २० ते ३० अंशांत छान उगवतं, आणि पुणे असो की पणजी, दिवाळीच्या सुमारास एवढी ऊब अंगणातच मिळते. पाऊस सरलेला असतो, उन्हाची धार उतरते, रात्री गार होऊ लागतात. नवख्याने सुरुवात जूनमध्ये का करावी, मला कळत नाही. मुसळधार पावसात बी वाहून जातं, उरलेलं कुजतं. कोकणात भातकापणी झाली की त्याच खाचरांच्या ओलीवर वाल नि पावटा पेरतात. घरच्या वाफ्यालाही हाच मुहूर्त धरावा.

आधी मेथी, मुळा, लाल माठ. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात पानात पडते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. माठाचं बी इतकं बारीक की ते कोरड्या वाळूत मिसळून फोकावं, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. कोथिंबिरीला स्वयंपाकघरातले धने चालतात, फार जुने नसले म्हणजे झालं. धना म्हणजे दोन बिया चिकटलेलं फळ, म्हणून तो हलक्या हाताने रगडून दोन डाळिंब्या करायच्या आणि मग पेरायचा. उगवायला आठ-दहा दिवस, कधी जास्तही. तेवढ्यात माती उकरून बघू नये. आपला पालक बिटाचा सख्खा नातलग आहे. त्याचं खडबडीत बी म्हणजे बियांचा गुच्छ, त्यातून दोन-तीन रोपं एकदम निघतात. तिथे विरळणी करावीच लागते. नवख्या माणसाच्या जिवावर येतं ते हेच काम. उगवलेलं उपटायचं कसं? पण दाटीतला मुळा पोसत नाही, आणि उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होतेच.

मुळा आणि गाजर जागच्या जागीच पेरावं. उपटून लावलं तर मूळ फाटे फोडतं. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांनाही मुळांची हलवाहलव सोसत नाही, म्हणून आळ्यात दोन-तीन बिया टोकायच्या. कारल्याचं कवच जाड, भेंडीचं टणक. दोन्ही रात्रभर भिजवावीत. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची आधी रोपं करावीत. मिरची फार सावकाश, तिला उगवायलाच दहा-बारा दिवस लागतात. टोमॅटोचं रोप साधारण चार आठवड्यांत लावण्याजोगं होतं, मिरचीचं सहा आठवड्यांत.

रोपांसाठी पोयट्याची माती, चाळलेलं जुनं शेणखत आणि थोडं कोकोपीट. जमिनीवर करायचं तर गादीवाफा, म्हणजे पाणी साचत नाही. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. टोमॅटोला अर्धा सेंटिमीटर पुरे. उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट झाकावं, पण पहिली मान दिसली त्याच दिवशी काढावं. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने, सकाळी. संध्याकाळी चिंब केलेल्या वाफ्यात ओल रात्रभर राहते आणि रोपं देठाशी पिचून पटापट कोलमडतात. ही मर बुरशीमुळे होते, आणि आपल्या उबेत ती झपाट्याने पसरते. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मातीत मिसळलेली बरी, पण पाण्यावर हात राखणं त्याहून बरं. मुंग्या बी पळवतात, विशेषतः बारीक बी. गुळाचा डबा आपण पाण्याच्या ताटात ठेवतो, तसा ट्रे विटांवर, पाण्यात ठेवला की त्यांची वाट बंद.

आता हवामानाची खरी मेख. ऊब फुकट आहे, पण ती फार झाली की फळ धरत नाही. रात्रीचं तापमान साधारण २२ अंशांच्या वर राहू लागलं आणि दुपार पस्तिशीपलीकडे गेली की टोमॅटोचे परागकण दुबळे पडतात, फुलं गळतात. दिवाळीत पेरलेल्या टोमॅटोला थंडीत फुलं येतात, म्हणून तो साधतो. फुलकोबीचंही तसंच. १८२२ साली ती इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आली, आणि नंतर इथल्या बागायतदारांनी उष्णतेतही गड्डा धरणारी झाडं निवडत नेली. त्यामुळे आज लवकरच्या आणि उशिराच्या, अशा वेगवेगळ्या जाती मिळतात. उशिराची, थंडी मागणारी स्नोबॉल जात मुंबईत लावली तर पानंच पानं मिळतील. दुकानात नुसती फुलकोबी मागू नये, कोणत्या हंगामाची तेही विचारावं.

पाकिटाची मागची बाजू वाचण्याची सवय लावावी. उगवणशक्तीचं किमान प्रमाण मिरचीसाठी ६० टक्के, भेंडीसाठी ६५, टोमॅटोसाठी ७० ठरलेलं आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतून सहा आल्या तरी दुकानदाराने फसवलेलं नाही. चाचणीची तारीख आणि मुदत पाहावी. गुलाबी-लाल रंग चढवलेल्या बियांना औषध लावलेलं असतं. पेरल्यावर हात धुवावेत, मुलांपासून दूर ठेवावं.

होळीच्या सुमारास थंडीच्या भाज्या आवरत्या घेऊन भेंडी, गवार, काकडी टोकावी. भेंडीत केवड्या रोगाने पानं पिवळी पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची १९८५ची ‘परभणी क्रांती’ त्यासाठीच निघाली. ती सरळ वाण, तिचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर झाडं येतात, पण आईबापांसारखी नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल नि भाज्यांची बियाणी जपली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी बियाण्यांची बँक नाही, पण बियाण्याची एक बरणी कोणालाही जमते. सर्वांत चांगल्या झाडावरची भेंडी न तोडता वाळू द्यावी, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की उतरवावी. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवावा. बी खडखडीत वाळलं की राखेत घालून घट्ट झाकण लावावं आणि वर नाव नि वर्ष लिहावं. टोमॅटोचं बी चार वर्षं टिकतं. कांद्याचं जेमतेम एक, म्हणून ते त्याच हंगामात संपवावं.