कथा आणि चित्रपटातील स्मरणीय व्यक्तिरेखेची घडण : अहिल्यानगर परिसरातील काही उदाहरणांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक अनुभव सार्वत्रिक आहे. कोणत्याही कथेतील नायकाचे स्वभावचित्र रेखाटण्यास सांगितले की विद्यार्थी ‘कष्टाळू’, ‘स्वाभिमानी’, ‘सोशिक’, ‘प्रेमळ’ अशी विशेषणांची मालिका लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. हाच विद्यार्थी स्वतः कथा किंवा लघुपटाची संहिता लिहावयास बसला की तो हीच विशेषणे पात्राला चिकटवितो आणि पात्र निर्जीव राहते. दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. व्यक्तिरेखा म्हणजे गुणांची यादी होय, ही समजूत आपण अध्यापकांनीच दृढ केली आहे. ही समजूत अपुरी का आहे आणि व्यक्तिरेखा प्रत्यक्षात कशी घडते, हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याशी नाते असलेल्या कलाकृती व कलावंतांच्या आधारे स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

संकल्पना

भारतीय नाट्यशास्त्रात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे प्रकार सांगितले आहेत. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या घटकांत कथानकाला पहिले व स्वभावाला दुसरे स्थान दिले. इ. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये कादंबरीविषयीच्या व्याख्यानांतून सपाट आणि गोलाकार पात्रे असा भेद मांडला. ही वर्गीकरणे तयार झालेल्या पात्राचे आकलन करून देतात. परंतु पात्र तयार कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून पुरेसे मिळत नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने पाहता व्यक्तिरेखेला दोन गोष्टी लागतात : एक नेमकी इच्छा आणि त्या इच्छेच्या वाटेतील नेमका अडथळा. अडथळ्यासमोर पात्र जी कृती करते, तिच्यावरून वाचक स्वभावाचे अनुमान काढतो. सांगितलेला गुण वाचक विसरतो. स्वतः काढलेले अनुमान त्याच्या स्मरणात राहते.

अडथळ्याची विविध रूपे

अडथळा प्रत्येक वेळी गंभीरच असावा लागतो, असे नाही. मधुकर तोरडमल यांनी नगरच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले होते. त्यांच्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकातील प्रा. बारटक्के हे पात्र फॉर्स्टरच्या परिभाषेत सपाटच म्हणावे लागेल. ऐन वेळी शब्द न आठवल्याने ‘ह’च्या बाराखडीने वेळ मारून नेणे, ही त्यांची लकब. तरीही हे पात्र मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात ठाण मांडून बसले. शब्द हेच ज्याचे उपजीविकेचे साधन, त्या प्राध्यापकालाच शब्द दगा देतो, हा विसंवाद त्यामागे आहे. गाळलेली जागा भरण्याचे काम प्रेक्षकावर येते आणि तो पात्राच्या घडणीत सहभागी होतो. लकब स्मरणीय ठरते ती ती विचित्र असते म्हणून नव्हे, तर ती पात्राच्या नेमक्या अडचणीतून उगवलेली असते म्हणून.

दुसरे रूप म्हणजे व्यक्तीच अडथळा होणे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारित, विजय तेंडुलकर यांची पटकथा लाभलेला गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ 1983 मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर हे नगरचे. रामा शेट्टीला पडद्यावर वेळ थोडा मिळतो. परंतु आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, ही त्याची खात्री त्याच्या थंडपणातून जाणवते. त्या थंडपणावर आपटूनच फौजदार अनंत वेलणकरचा संताप आणि त्याची असहायता आकार घेतात. खलपात्र दुबळे असेल तर नायकही घडत नाही.

तिसरे रूप सामाजिक व्यवस्थेचे. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 2015 मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे ‘ख्वाडा’ हे शीर्षकच अडथळा या अर्थाचे आहे. मेंढरांमागे भटकणाऱ्या धनगर कुटुंबातील बाळूला लग्न करून संसार थाटावयाचा आहे. इच्छा अगदी साधी. परंतु हातून गेलेली जमीन आणि पाचवीला पुजलेली भटकंती तिच्या आड उभी राहते.

‘फँड्री’तील जब्या : एक सविस्तर उदाहरण

नागराज मंजुळे हे नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे विद्यार्थी होते. तेथील विद्यार्थिदशेत त्यांनी केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा पहिला कथापट ‘फँड्री’ (2013) नगर शहराजवळच्या अकोळनेर गावाच्या पार्श्वभूमीवर घडतो. त्यातील जब्या हा कैकाडी समाजातील शाळकरी मुलगा. शालू या सवर्ण मुलीवर त्याचे मन जडले आहे. काळी चिमणी पकडून तिची राख टाकली की शालू वश होईल, या समजुतीने तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो.

येथे लेखक-दिग्दर्शकाने केलेली निवड लक्षात घेण्यासारखी आहे. ‘जब्याला सन्मान हवा आहे’ हे अमूर्त विधान त्याने एका चिमणीत उतरविले. चिमणी दिसते, झाडावर बसते, नेम धरताच उडून जाते. इच्छेला असे दृश्य रूप मिळाल्यामुळे जब्याच्या तोंडी प्रेमाची किंवा जातिवेदनेची भाषणे घालण्याची गरजच उरत नाही.

अडथळाही तितकाच नेमका आहे. गावातील डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या कुटुंबावर येते. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर. जब्याला कष्टाचे भय नाही, त्याला भय आहे ते शालूच्या नजरेचे. त्यामुळे शाळेजवळ डुकरांचा पाठलाग सुरू होताच तो आडोसा शोधू लागतो. कोणी पाहत नसताना पात्र काय करते आणि विशिष्ट व्यक्ती पाहत असताना काय करते, यांतील अंतर हेच त्या पात्राचे अंतरंग होय. याच प्रसंगात राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. कोणतेही विशेषण न वापरता येथे कुटुंबाचा स्वभाव आणि त्याचे समाजातील स्थान एकाच वेळी प्रकट होते.

किशोर कदम यांनी साकारलेला बाप कचरू ही याची दुसरी बाजू. मुलीच्या लग्नासाठी पैशांची निकड असलेला हा माणूस गावापुढे वाकतो आणि मुलावर हात उगारतो. तो क्रूर नाही; वाकणे हाच त्याने जगण्यासाठी शोधलेला मार्ग आहे. मुलाची इच्छा आणि बापाची गरज दोन्ही खऱ्या असल्याने प्रेक्षकाला सहजासहजी एकाची बाजू घेता येत नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तो त्याच्या स्वभावातील साचलेल्या अपमानाचा अटळ परिणाम म्हणून.

अध्यापनाच्या दृष्टीने

ग्रामीण भागातील आपले विद्यार्थी संहिता लिहितात तेव्हा त्यांचे नायक अनेकदा महानगरातील सदनिकेत राहतात, कारण नायक तेथेच असतो असे त्यांना दूरचित्रवाणी मालिकांनी शिकविलेले असते. ऊसतोडीला जाणारी आई, दुष्काळी पट्ट्यातील पाण्याची खेप, वसतिगृहातील मेसचे थकलेले बिल हे कथेचे विषय होऊ शकतात, यावर त्यांचा विश्वास नसतो. म्हणून स्वभावचित्रणाच्या नेहमीच्या प्रश्नाऐवजी पुढील चार प्रश्न वर्गात विचारून पाहावेत.

1. या पात्राला आज नेमके काय हवे आहे? ते हातात धरता येईल अशा वस्तूतून दाखविता येईल काय?
2. ते मिळू न देणारे कोण किंवा काय आहे? त्या बाजूलाही स्वतःचे कारण आहे काय?
3. कोणी पाहत नसताना हे पात्र काय करते?
4. कोणाच्या नजरेला ते भिते आणि ती नजर पडताच काय करते?

या चारही उत्तरांत एकही विशेषण येऊ नये, एवढीच अट असावी.

निष्कर्ष

बारटक्क्यांचा हरवलेला शब्द, वेलणकरसमोरचा रामा शेट्टी, बाळूची जमीन आणि जब्याची चिमणी या चारही ठिकाणी व्यक्तिरेखा गुणवर्णनाने नव्हे, तर अडथळ्यासमोरील कृतीने उभी राहिली आहे. असा अडथळा कल्पनेने रचण्यापेक्षा जवळून पाहिलेला असणे अधिक उपकारक ठरते. आपल्या वर्गातील मुलामुलींनी तो पाहिलेला, पुष्कळदा सोसलेलाही असतो. आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास त्यांना देणे आणि तपासताना विशेषणांना गुण देणे थांबविणे, या दोन गोष्टी अध्यापक म्हणून आपल्या हाती आहेत.