तुटला तर अपघात, किडला तर घरखर्च

आरोग्य विमा घेताना आईवडील खोलीभाड्याची मर्यादा पाहतात, जुन्या आजारांसाठी किती वर्षे थांबावे लागेल ते विचारतात, घराजवळचे रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का ते तपासतात. दातांविषयीचे कलम मात्र बहुतेकांच्या नजरेस पडते ते मुलाची दाढ रात्री ठणकू लागल्यावर. भारतातल्या बहुसंख्य पॉलिसींत या कलमाचा आशय एकच असतो: दातांचे उपचार विम्यात नाहीत, अपघातामुळे ते करावे लागले आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच खर्च मिळेल. वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्या घराला यात फसवणूक दिसते. तशी ती नसते, कारण कलम पहिल्या दिवसापासून छापलेलेच असते. तक्रार असायला हवी ती वेगळी. विम्यात काय बसते आणि काय नाही याची ही रेषा मोठ्या माणसाचे दात समोर ठेवून आखलेली आहे आणि ती जशीच्या तशी मुलांना लावली जाते.

त्या रेषेमागचा हिशेब आधी समजून घेतला पाहिजे, कारण तो अगदीच निराधार नाही. आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे मुळात रुग्णालयाच्या खाटेचा विमा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, रुग्णालयात दाखल होण्याची जी व्याख्या ठरवून दिली आहे तिच्यात किमान सलग २४ तासांची भरती धरलेली आहे. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रिया काही तासांत उरकू लागल्या तेव्हा ‘डे-केअर’ची सवलत आली, पण एरवी ओपीडीत होणारे उपचार त्या सवलतीतूनही वगळले गेले. दातांचे जवळपास सगळे काम खुर्चीत बसून होते, म्हणून ते बाहेर राहिले. शिवाय कंपन्यांना एक रास्त भीती असते. दाढ किडल्याचे ठाऊक असलेला माणूस मुद्दाम पॉलिसी घेईल, रूट कॅनाल आणि कॅप करून घेईल आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाकडे फिरकणार नाही. कोणता उपचार गरजेचा आणि कोणता केवळ दिसण्यासाठी, हे कागदपत्रांवरून ठरवणेही अवघड. इथपर्यंत कंपन्यांशी भांडण्यात मला अर्थ वाटत नाही.

मुलांच्या तोंडात मात्र हे गणित उलटे होते. दुधाच्या दातांचे कवच पातळ असते आणि आतला नसेचा भाग त्या मानाने मोठा, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. मोठा माणूस पगाराची वाट पाहत दाढ दोन महिने पुढे ढकलू शकतो. मुलाच्या बाबतीत तेवढ्यात सिमेंट भरण्याचे काम नसेच्या उपचारावर आणि कॅपवर जाऊ शकते. यावर घरोघरी दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.’ पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर अजून सात-आठ वर्षे जेवायचे असते. ती अवेळी काढली तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे सरकतात, हिरडीखालच्या कायमच्या दाताची वाट अडते आणि पुढे तारा लावण्याचा खर्च उभा राहतो, तोही अर्थात विम्याबाहेरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचे म्हटले आहे. एवढ्या मुलांचा आजार किरकोळ म्हणून बाजूला टाकणे हा दृष्टीचा दोष आहे.

रेषा किती चुकीची आहे हे तिच्या दोन्ही टोकांना दिसते. चार वर्षांच्या मुलाच्या सहा-सात दाढा किडल्या असतील तर ते खुर्चीत तासन्‌तास तोंड उघडून बसणार नाही. मग बालदंतवैद्य रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे काम करण्याचा सल्ला देतात. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, आधीच्या तपासण्या, उपाशीपोटी भरती, विम्याला जे जे हवे असते ते सगळे इथे असते; तरीही मूळ आजार दाताचा म्हणून अनेक पॉलिसींत क्लेम नाकारला जातो. दुसऱ्या टोकाला अपघात. सायकलवरून पडून कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दवाखान्यात नेऊन पुन्हा बसवायचा असतो. दात वाचवणारा हा उपचार घाईचा, खरोखर अपघाताचा आणि थोड्या वेळात संपणारा. त्यासाठी २४ तास भरती होण्याचे कारण नाही, म्हणून अपघाताची सवलत कागदावर असूनही हाती काही लागत नाही. एप्रिल २०२० पासून सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी एक पाऊल पुढे गेली: आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारे दंतोपचार तिने रुग्णालयीन खर्चात धरले. म्हणजे किडीला आजार मानणे नियामकालाही अशक्य नाही. अडते ते खाटेच्या अटीवर.

मग अमेरिकेसारखा दातांचा वेगळा विमा आणावा का? तिथल्या मराठी कुटुंबांना विचारले तर उत्तर फार उत्साहाचे येणार नाही. तिथल्या दंतविम्याला सहसा वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरची मर्यादा असते. त्यावरचे सगळे स्वतःचे. ओबामांच्या आरोग्य कायद्याने मुलांचे दंतोपचार आवश्यक लाभांत घातले, पण केंद्राच्या विमा बाजारात ते वेगळ्या योजनेत विकले जात असतील तर घेण्याची सक्ती नाही. २००७ मध्ये मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत जाऊन दगावला. ८० डॉलरमध्ये दाढ काढता आली असती, पण सरकारी विमा मध्येच तुटला होता आणि तो विमा स्वीकारणारे दंतवैद्य सहज मिळत नव्हते. शेवटच्या उपचारांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. इंग्लंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथे अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी दंतसेवा फुकट आहे, तरीही ५ ते ९ वयोगटातल्या मुलांना रुग्णालयात भरती करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात काढणे हेच आहे. शेजारच्या स्कॉटलंडने शिशुवर्गातच मुलांना रोज देखरेखीखाली ब्रश करायला लावले, आणि त्यातून उपचारांवर वाचलेला पैसा कार्यक्रमाच्या खर्चापेक्षा जास्त भरला.

यावरून माझी मागणी आखूड होते, आणि ती आखूडच असावी. मोठ्यांच्या कॅप-इम्प्लांटसाठी हप्ते वाढवायला नकोत. मुलांपुरता, ठरलेल्या वयाला ठरलेला लाभ हवा: पहिल्या वर्षापासून नियमित तपासणी, फ्लोराइडचा लेप, सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेच्या खाचा बुजवणे, कीड लहान असतानाच भरणे, आणि ज्या मुलांना खरोखर पूर्ण भूल लागते त्यांचा रुग्णालयाचा खर्च. यातली साधने महागडी नाहीत. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि दात भरायचे ग्लास आयनोमर सिमेंट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. ‘विमा अनपेक्षित खर्चासाठी असतो, हे तर अपेक्षित खर्च’ हा आक्षेप तत्त्वाला धरून आहे, पण कंपन्या स्वतः तो पाळत नाहीत: वार्षिक तपासणी, काही पॉलिसींतले बाळंतपण आणि लसीकरण यांत अनपेक्षित काय असते? वयाशी बांधलेल्या लाभात किडकी दाढ घेऊन पॉलिसी घेणाऱ्याची भीतीही उरत नाही. दर ठरवता येत नाहीत म्हणावे, तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत दात काढणे, भरणे, रूट कॅनाल यांचे दर ठरलेले आहेत. हप्ता थोडा वाढेल हे मान्य. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा त्या वाढीला जागा आहे.

चॉकलेट, बिस्किटे आणि रात्रीच्या दुधाच्या बाटलीची जबाबदारी आईवडिलांची, हेही खरेच. पण ती बाटली मुलाने निवडलेली नसते, आणि ती बंद करा असे सांगणारा माणूस बहुतेक घरांना भेटतच नाही, कारण दंतवैद्याकडे पहिली फेरी दुखायला लागल्यावर होते. शाळा-अंगणवाड्यांत मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला आणि दातांची कीड त्याच्या यादीत आहे. तपासणीत सापडलेली दाढ पुढे भरली जाणे मात्र कुटुंबाच्या हातातल्या पैशावर राहते. मुंबई-नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत हे काम अगदी स्वस्तात होते, पण शहादा किंवा अहेरीच्या मजुराला तिथवरचा प्रवास आणि बुडालेली रोजी दाढेपेक्षा महाग पडते.

नियम बदलेपर्यंत निदान पॉलिसी हातात येताच ‘दंत’ शब्द असलेली सगळी कलमे काढून वाचावीत: अपघातासोबत भरतीची अट आहे का, ओपीडीचा जोडलाभ घेतला तर त्यात दात धरले आहेत का, त्याची वार्षिक मर्यादा किती, लहान मुलाला भूल देऊन केलेले काम डे-केअरमध्ये बसते का. विकणाऱ्याचे तोंडी उत्तर कामाचे नाही, ते ईमेलवर मागावे. नवी पॉलिसी मनासारखी नसेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.