कसलेल्या हाताच्या तोडीचा कंपायलर

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाकडून काम करून घ्यायचे, तर प्रोग्रामरला यंत्राच्या पातळीवर उतरावे लागे. कोणता आकडा मेमरीच्या कोणत्या घरात आहे, तो उचलून कशात मिळवायचा, उत्तर कुठे ठेवायचे, हे सारे एकेक आज्ञा करून लिहायचे. न्यूयॉर्कला आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉन बॅकस यांनी या पद्धतीचा हिशेब मांडला. संगणक केंद्रात प्रोग्रामरांवर होणारा खर्च किमान यंत्राच्या खर्चाइतका होता. शिवाय यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जाई. म्हणजे एकूण खर्चाचा पाऊण हिस्स्यापर्यंतचा भाग प्रोग्राम लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात संपत होता. १९५३ च्या अखेरीस त्यांनी आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहिले: आयबीएम ७०४ या येऊ घातलेल्या यंत्रासाठी, गणिती सूत्रे वाचून आज्ञा स्वतःच तयार करणारा प्रोग्राम, म्हणजेच कंपायलर, आपण बनवू. हर्ड यांनी परवानगी दिली.

असे प्रयत्न आधीही झाले होते. झुरिचमध्ये कोराडो बोम यांनी १९५१ मध्ये आपल्या प्रबंधात कंपायलरची कल्पना मांडली होती. मँचेस्टरला अॅलिक ग्लेनी यांनी १९५२ मध्ये ऑटोकोड चालवून दाखवला होता. ग्रेस हॉपर यांचा ए-० हा प्रोग्राम युनिव्हॅक संगणकावर चालत होता, पण त्याचे मुख्य काम तयार तुकडे शोधून जोडण्याचे होते. एमआयटीत लॅनिंग आणि झिअरलर यांनी बीजगणिती सूत्रे वाचणारी प्रणाली उभी केली होती. ती बॅकस यांनी १९५४ मध्ये प्रत्यक्ष पाहिली. तिच्यातून निघणारे प्रोग्राम मात्र फार संथ चालत.

खरी अडचण या संथपणातच होती. जुन्या यंत्रांत फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे खूप मोठ्या आणि खूप लहान आकड्यांची, गणिते करायला वेगळा प्रोग्राम लागे आणि तोच इतका वेळ खाई की स्वयंचलित प्रणालीचा गबाळेपणा त्यात लपून जाई. ७०४ मध्ये ही गणिते यंत्रातल्या परिपथांतच होऊ लागली आणि लपायची जागा उरली नाही. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम माणसाने लिहिलेल्यापेक्षा दुप्पट वेळ घेणार असेल, तर इतक्या महागड्या यंत्रावर तो कोण चालवील? प्रोग्रामरांना हे कामच अशक्य वाटे आणि आधीचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून बॅकस आणि सहकाऱ्यांनी सूत्रे लिहिण्याच्या भाषेपेक्षा, म्हणजे फोर्ट्रानपेक्षा, कंपायलरची काळजी जास्त वाहिली. भाषा तर काम करता करता ठरत गेली, असे बॅकस यांनी पुढे स्वतःच सांगितले. फोर्ट्रानच्या इतिहासात भाषेचेच गुणगान अधिक होते. मला तो अन्याय वाटतो. १० नोव्हेंबर १९५४ च्या प्राथमिक अहवालात भाषेचा आराखडा आला, पण कंपायलर पूर्ण व्हायला १९५७ उजाडले. मधल्या काळात कोणी विचारले, की काम संपायला नेहमीच सहा महिने उरलेले असत.

गट लहानच होता. हार्लन हेरिक आणि आयर्व्हिंग झिलर सुरुवातीपासून होते. रॉय नट युनायटेड एअरक्राफ्टमधून आले, शेल्डन बेस्ट एमआयटीतून. डेव्हिड सेअर मुळात स्फटिकशास्त्रज्ञ. लॉइस हेट व्हासार कॉलेजातून गणित शिकून थेट इथे दाखल झाल्या. गटातल्या त्या एकट्याच स्त्री. दिवसा ७०४ यंत्र मिळणे कठीण, म्हणून ही मंडळी छप्पन्नाव्या रस्त्यावरच्या लँग्डन हॉटेलात खोल्या घेऊन दिवसा झोपत आणि रात्रभर यंत्रावर काम करत.

कंपायलरचे सहा भाग होते. ते टेपवरून एकामागून एक मेमरीत येत आणि आपापले काम उरकून बाजूला होत. पहिल्या भागात सूत्र वाचताना गुणाकार आधी, बेरीज नंतर हा क्रम ओळखायचा होता. गटातल्या पीटर शेरिडन यांच्या कामातली त्यावरची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. सूत्राच्या सुरुवातीला दोन कंस उघडायचे, शेवटी दोन बंद करायचे. प्रत्येक अधिक चिन्हाच्या आधी दोन कंस बंद करून नंतर दोन उघडायचे, गुणाकाराच्या चिन्हापाशी मात्र एकेकच. मग 'अ + ब × क' याचे ((अ)) + ((ब) × (क)) होते. गुणाकार आपोआप एका कंसात बांधला जातो. यंत्राला प्राधान्याचा नियम समजावण्याची गरजच उरत नाही!

मात्र कसोटी होती ती पुढच्या भागांत. ७०४ मध्ये तीनच इंडेक्स रजिस्टर (कोष्टकातले स्थान मोजणारी खास घरे) होते. कोष्टकातल्या आकड्यांवरून पुन्हा पुन्हा फिरणारे लूप झपाट्याने चालायचे, तर ही तीन घरे फार जपून वापरावी लागत. कसलेला प्रोग्रामर इथेच आपली हुशारी दाखवी. गटातले रॉबर्ट नेल्सन आणि झिलर यांनी लूपमधली अनावश्यक गणिते बाहेर काढण्याच्या रीती शोधल्या. हेट यांच्या भागाने प्रोग्राम लहान लहान तुकड्यांत मोडला आणि कोणता तुकडा किती वेळा चालेल याचा अंदाज यदृच्छ आकड्यांनी प्रोग्रामची नक्कल चालवून बांधला. बेस्ट यांनी त्यावरून ठरवले, की नव्या आकड्याला जागा हवी असेल तेव्हा ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे त्याला रजिस्टरमधून काढावे. हेच तत्त्व मेमरीच्या संदर्भात लास्लो बेलाडी यांच्या १९६६ मधल्या लेखाने प्रसिद्ध झाले.

परिणाम असा झाला की तयार आज्ञा पाहून खुद्द कर्तेच चकित होत. कंपायलरने क्रम इतका बदललेला असे की आधी चूकच झाली असे वाटे, आणि तपासल्यावर ते बरोबर निघे. कसब असे यंत्रात उतरवता येते, हे १९५७ च्या आधी इतक्या ठोसपणे कोणी दाखवले नव्हते.

एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस या अणुभट्ट्यांच्या प्रयोगशाळेत सुमारे दोन हजार पंचकार्डांचा एक गठ्ठा आला. सोबत सूचना नव्हत्या. हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फोर्ट्रानच असावा असा तर्क करून तो चालवला आणि एक प्रोग्राम त्याच्या हवाली केला. कंपायलरने चूक दाखवली: एक अल्पविराम राहिला होता. तो घातला आणि प्रोग्राम चालला. पुढे वर्षभरात, ७०४ असलेल्या २६ केंद्रांच्या पाहणीत, निम्म्याहून अधिक केंद्रे आपली निम्म्याहून अधिक कामे फोर्ट्रानमध्ये करत असल्याचे आढळले. बॅकस यांनी मागितलेला विश्वास त्यांना मिळाला, तोही संशयी लोकांकडून.

फोर्ट्रान ७०४ पुरता राहिला नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला होता. १९६४ मध्ये याच संस्थेत, कुलाब्याला, सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि त्यासोबत त्याचा फोर्ट्रान कंपायलरही. कंपनी दुसरी, आज्ञा निराळ्या, शब्दाची लांबीही ७०४ च्या ३६ बिटांऐवजी ४८ बिटांची. पण ७०४ यंत्र कधी न पाहिलेला मुंबईचा भौतिकशास्त्रज्ञ आपले सूत्र कार्डांवर जवळपास तसेच उतरवू शकत होता.