हवेतल्या संदेशाची गुप्तता

तारेतून जाणारा संदेश चोरून ऐकायचा असेल, तर त्या तारेपर्यंत पोहोचावे लागते; बिनतारी जाळ्यात मात्र संदेश रेडिओलहरींच्या रूपाने चहूकडे पसरत असल्यामुळे तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या आणि रस्त्यावर थांबलेल्या अनोळखी माणसाच्या उपकरणापर्यंतही जातो. लहरी अडवता येत नाहीत, म्हणून त्यांतला मजकूर इतरांना निरर्थक दिसेल अशा रूपात बदलणे, म्हणजेच त्याचे कूटलेखन करणे, हाच गुप्ततेचा भरवशाचा उपाय उरतो. १९०३ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या बिनतारी यंत्रणेचे प्रात्यक्षिक होणार होते, तेव्हा नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने जवळच्याच प्रक्षेपकावरून त्या यंत्रावर टवाळीचे संदेश उमटवले आणि विशिष्ट तरंगलांबीला जुळवलेली यंत्रणा इतरांपासून सुरक्षित राहते, हा दावा फोल ठरवला.

वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले आणि त्यात 'वेप' नावाची कूटलेखनाची पद्धत होती. तिच्यात 'आरसी-फोर' हे सूत्र गुप्त किल्लीपासून वरवर विस्कळीत दिसणाऱ्या बिटांची लांबलचक मालिका तयार करी आणि ती मूळ मजकुरात मिसळून संदेश हवेत सोडला जाई. या पद्धतीची एक अट फार कडक आहे : तीच मालिका पुन्हा वापरायची नाही. एकाच मालिकेने झाकलेले दोन संदेश एकमेकांत मिसळले, की मालिका गळून पडते, दोन मूळ मजकुरांचे मिश्रण तेवढे शिल्लक राहते आणि त्यांतल्या एकाचा अंदाज आला की दुसरा उलगडतो. ही पुनरावृत्ती टाळण्यासाठी वेपमध्ये प्रत्येक पॅकेटला, म्हणजे संदेशाच्या प्रत्येक तुकड्याला, २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडलेला असे. असे आकडे सुमारे १ कोटी ६८ लाख होतात. परंतु सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने १,५०० बाइटांची पॅकेटे सतत पाठवणाऱ्या केंद्रावर एवढा साठाही पाचेक तासांत संपतो, आणि आकडे क्रमाने न घेता कसेही उचलले, तर जेमतेम पाच हजार पॅकेटांतच एखादा आकडा दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्मी होते. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी याहून गंभीर दोष दाखवला. हा आकडा किल्लीला ज्या रीतीने जोडला जात होता, तिच्यामुळे पुरेशी पॅकेटे जमवणाऱ्याला खुद्द किल्लीच काढता येत होती, आणि २००७ पर्यंत हे काम मिनिटभरात होऊ लागले.

वेपच्या जागी २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' ही तात्पुरती सोय आणि २००४ मध्ये 'एईएस' या कितीतरी भक्कम सूत्रावर उभी असलेली 'डब्ल्यूपीए-टू' ही पद्धत आली. एईएस आजवर व्यवहारात कोणालाही फोडता आलेले नाही, तरीही २०१७ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाचे मॅथी व्हॅनहूफ यांनी असे दाखवले, की जोडणी होताना राउटर आणि मोबाइल यांच्यात होणाऱ्या चार संदेशांच्या देवाणघेवाणीतला तिसरा संदेश पुन्हा पाठवला, तर मोबाइल तीच किल्ली नव्याने बसवतो, त्याची पॅकेटांची गणती पुन्हा सुरुवातीला जाते आणि वापरलेली मालिका परत वापरली जाते. वीस वर्षांनंतर उघडकीस आलेला दोष मुळात वेपचाच होता, म्हणजे पुनरावृत्तीचा. सूत्र शाबूत होते, वापर चुकत होता.

सर्वसामान्य वापरात मात्र गुप्ततेला खरे भगदाड पडते ते पासवर्डमुळे. डब्ल्यूपीए-टूमध्ये ही चार संदेशांची देवाणघेवाण हवेतून टिपून घेणाऱ्याला नंतर राउटरच्या जवळ राहण्याचीही गरज नसते. तो आपल्या संगणकावर एकेक पासवर्ड ताडून पाहू शकतो. दुकानांत, लॉजवर आणि घरांतही दहा अंकी मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय दिसते. भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्यामुळे अशा सगळ्या शक्यता ४०० कोटींच्या आत बसतात, आणि सेकंदाला पाच लाख शक्यता तपासणारे ग्राफिक्स कार्ड त्या सव्वादोन तासांत संपवते. क्रमांक दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला असेल, तर तेवढेही कष्ट नकोत. शिवाय भिंतीवर लिहिलेला एकच पासवर्ड सगळी गिऱ्हाइके वापरत असतील, तर तो ठाऊक असलेले कोणतेही गिऱ्हाईक दुसऱ्याची जोडणी होताना ते संदेश टिपून त्याच्या मजकुरावरचे वायफायचे आवरण काढू शकते. अशा वेळी बँकेच्या किंवा ईमेलच्या संकेतस्थळाने स्वतंत्रपणे केलेले कूटलेखन, ज्याची खूण पत्त्याच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस' या अक्षरांत दिसते, तेच कामी येते.

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'डब्ल्यूपीए-थ्री' पद्धतीत पासवर्डचा प्रत्येक अंदाज राउटरशी प्रत्यक्ष संवाद करूनच तपासावा लागतो आणि पासवर्ड पुढे उघड झाला तरी आधी टिपलेला मजकूर उलगडत नाही. २०१९ मध्ये तिच्याही काही अंमलबजावणींत दोष सापडले आणि ते दुरुस्त करण्यात आले. कोण कोणत्या उपकरणाशी, केव्हा आणि किती बोलतो, हे मात्र कूटलेखनानंतरही बाहेरच्याला बऱ्याच अंशी दिसत राहते. झाकला जातो तो मजकूर.

जुलै २०२० पासून वायफायचे अधिकृत प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए-थ्री सक्तीची झाली आहे. म्हणून वाचकांनी आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये ती निवडावी, ती नसल्यास डब्ल्यूपीए-टू एईएससह ठेवावी, आणि मोबाइल क्रमांकाऐवजी परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा पासवर्ड आजच बसवावा.