वर बघा, मग बाज टाका

एरंडोलच्या जुन्या वस्तीत अजून धाब्याची घरं दिसतात. जाड मातीच्या भिंती, लाकडी सर, वर मातीचा थर. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हाही आत सुसह्य असतं. साहजिकच बाळंतपणाला आलेल्या लेकीची बाज इथेच पडते. ती नेमकी कुठे टाकायची, हे आजीबाई ठरवतात. मी पाहिलेल्या घरात त्यांची पहिली नजर छताकडे गेली. "वर काय शे ते देख पहिले!" सरांच्या फटीतून माती झडते, कधी विंचूही पडतो, आणि लाल विंचवाचा डंख लहान मुलाच्या जिवावर बेततो. बाज भिंतीपासून हातभर पुढे ओढली गेली. जमिनीवर अंथरूण घालायचा प्रश्नच नव्हता, मण्यार रात्रीच फिरतो. बाजेची दोरी सैल होती, ती ताणून घेतली. मधे खळगा पडला की बाळ आईच्या अंगाखाली घरंगळतं.

झोळीचा थाट वेगळा. तुळईच्या कडीला जुनं सुती लुगडं बांधलं आणि आजीबाई आधी स्वतःच त्याला लोंबकळल्या. गाठ हलली नाही तेव्हाच बाळ आत गेलं. झोळीत हवा खेळते, बाळ लगेच निजतं. खोट एकच, पण मोठी: कापडाच्या खोलगटात तान्ह्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. झोळी दिवसा, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना ठीक. रात्री नको.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 42 दिवसांत 6 वेळा घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, त्यातूनच या घरभेटींची योजना आली. इथल्या ताईंनी डोक्याखालची मोहरीची उशी, लोडासारख्या गुंडाळलेल्या दुपट्यांची रास बाजूला केली आणि बाळाला उताणं ठेवलं. आजीबाईंना धास्ती, दूध नाकात जाईल. खरं तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध तिच्यात सहसा शिरत नाही. अमेरिकेत 1992 पासून डॉक्टर हाच सल्ला देऊ लागले आणि झोपेतले अचानक मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले.

आजीबाईंची पारख छताबद्दल, जमिनीबद्दल अचूक आहे. धोका अंथरुणातल्या मऊपणातही असतो, एवढंच त्यात जोडायचं. तेव्हा बाळाला बघायला जाताना मोहरीची उशी नेऊ नका, मच्छरदाणी न्या.