गाडी थांबते, आपण थांबत नाही

एस.टी.ची गाडी स्टँडवरून निघाली की उभ्या प्रवाशांची सबंध रांग मागे कलते आणि वाटेत एखादी म्हैस आडवी आली की तीच रांग पुढे कोसळते. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडतो, कुणाची पिशवी कुणाच्या डोक्यावर आदळते आणि सगळे मिळून ड्रायव्हरला बोल लावतात. विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी आपल्याला मागे ओढणारे किंवा पुढे ढकलणारे ते असते तरी कोण? 'गाडीचा हिसका' असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. पण जरा विचार करा. ब्रेक लागतो तेव्हा गाडीवर लागणारे बल मागच्या दिशेने असते. मग त्या बलामुळे आपण पुढे कसे जाऊ?

खरी गोष्ट अशी की आपल्याला पुढे कोणीच ढकललेले नसते. गाडी ताशी ४० कि.मी. वेगाने चालली होती, तेव्हा तिच्याबरोबर आपणही त्याच वेगाने चाललो होतो. ब्रेकने गाडीचा वेग कमी केला. गाडीच्या तळाशी घर्षणाने जखडलेल्या आपल्या पावलांचाही वेग कमी झाला. कंबर, छाती आणि डोके यांना मात्र ही बातमी पोचलीच नाही. ती आपली ४० च्याच वेगाने पुढे चालली आहेत. पाय मागे, डोके पुढे, आणि मग तोल जातो. गाडी सुटताना याच्या नेमके उलट घडते. कोणत्याही वस्तूच्या अंगी असलेल्या या हट्टाला, म्हणजे स्थिर असेल तर स्थिर राहण्याच्या आणि चालत असेल तर त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहण्याच्या हट्टाला, जडत्व म्हणतात. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गतीचे जे तीन नियम सांगितले, त्यांपैकी पहिला तो हाच.

पुढच्या खेपेला एस.टी.च्या कंडक्टरकडे लक्ष देऊन पहा. दोन्ही हात तिकिटात आणि पैशांत गुंतलेले असतात, तरी तो सहसा पडत नाही. तो दोन पायांत अंतर ठेवतो आणि कंबर किंवा पाठ बाकाच्या दांडीला टेकवतो. म्हणजे गाडीचा वेग बदलला की तो बदल केवळ पावलांना न कळता कंबरेलाही त्याच क्षणी कळतो. पुस्तक न उघडता शिकलेले पदार्थविज्ञान ते हेच!

जडत्वाची ही कल्पना माणसाला सहजासहजी सुचलेली नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटलचे मत असे होते की ओढणारा असेल तोवरच वस्तू चालते; ओढणारा थांबला की वस्तूही थांबते. बैलगाडी पाहणाऱ्या कोणालाही हे पटेल, कारण बैल थांबले की गाडी थांबते. त्यामुळे ॲरिस्टॉटलला हसण्याचे कारण नाही. पण गाडी आपण होऊन थांबत नाही, तिला जमिनीचे आणि आसाचे घर्षण थांबवते, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली. कॅरमचा स्ट्रायकर कोऱ्या बोर्डावर लवकर थांबतो, पावडर टाकली की लांबवर जातो. घर्षण अगदी शून्यच करता आले तर? तो थांबणारच नाही. गॅलिलिओने अशाच तऱ्हेने विचार केला. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने जहाजातल्या बंद खोलीचे उदाहरण घेतले आहे. जहाज संथ आणि सरळ चालले असेल तर खोलीतली फुलपाखरे सगळीकडे सारखीच उडतात आणि वर टांगलेल्या भांड्यातले थेंब बरोबर खालच्या भांड्यात पडतात. जहाज चालू आहे की उभे, हे त्यांवरून ओळखता येत नाही. पुढे १६४० साली गॅसेंडी नावाच्या फ्रेंच विद्वानाने चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड सोडून पाहिले. ते मागे न राहता काठीच्या पायथ्याशीच पडले. धावत्या रेल्वेत वर फेकलेला चेंडू परत तुमच्याच हातात येतो, त्याचे कारणही हेच.

आता ब्रेककडे वळू. ब्रेक लागला म्हणजे गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती किती पुढे जाऊन थांबते, याचा आपला अंदाज फार चुकतो. समजा, कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. ताशी ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. या हिशेबाने गाडी थांबायला १.४ सेकंद लागतील आणि तेवढ्यात ती जवळजवळ ६ मीटर जाईल. वेग ६० केला तर अंतर १२ मीटर होईल असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही. वेग दुप्पट झाल्याने थांबायला वेळ दुप्पट लागतो, आणि त्या दुप्पट वेळात गाडीचा सरासरी वेगही दुप्पट असतो. म्हणून अंतर चौपट होते, म्हणजे सुमारे २३ मीटर! वेग ९० असेल तर ते नऊपट, ५२ मीटर.

याशिवाय आणखी एक हिशेब राहिलाच. रस्त्यावर मूल धावत आलेले डोळ्यांनी पाहणे, ते मेंदूला उमजणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत सावध ड्रायव्हरचाही एखादा सेकंद जातो. त्या सेकंदात ६० च्या वेगाची गाडी, ब्रेक लागण्यापूर्वीच, १७ मीटर पुढे गेलेली असते. एकूण अंतर झाले ४० मीटर. हातात मोबाइल असेल तर तो एक सेकंद दोन किंवा तीन सेकंदांचाही होतो. आणि पाऊस पडून रस्त्याची पकड निम्म्यावर आली, तर ब्रेकनंतरचे २३ मीटर ४६ होतात. शाळेच्या मैदानावर टेपने ४० मीटर मोजून दोन्ही टोकांना एकेक मुलगा उभा करा आणि ते अंतर एकदा डोळ्यांनी पहा. 'गाडी अजून लांब आहे' असे म्हणून रस्ता ओलांडताना ते आठवेल.

रेल्वेची गोष्ट याहून कठीण. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते. एक इंजिन शेकडो टनांची गाडी ओढू शकते ते यामुळेच. पण जे घर्षण चालताना अडवत नाही, ते थांबवतानाही फारसे मदतीला येत नाही. चाके घसरू नयेत म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या ठेवतात आणि गरज पडली की चाकांपुढे रुळावर वाळू सोडतात. ताशी १०० कि.मी. वेगाच्या गाडीचा वेग ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या गतीने कमी होतो असे धरले, तर ती सुमारे ७७० मीटर जाऊन थांबेल. रूळ ओलांडणारा माणूस दिसला म्हणून चालकाने ब्रेक लावला तरी उपयोग काय? बहुतेक वेळा त्याच्या हाती शिट्टी वाजवण्यापलीकडे काही उरत नाही.

घाटाचा वेगळाच प्रश्न आहे. खंडाळ्याहून खाली खोपोलीकडे येणारा ट्रक सुमारे ५०० मीटर उंची उतरतो. भरलेल्या ट्रकचे वजन २५ टन धरले, तर इतके उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, ती सारी उष्णतेत गेली तर सुमारे ४०० लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्येच निर्माण झाली तर ब्रेक तापून त्यांची पकडच जाते. म्हणून चांगला ड्रायव्हर उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनकडूनच गाडी अडवून घेतो. 'डिझेल वाचते' म्हणून गिअर काढून उतारावर गाडी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. वाचवलेल्या त्या डिझेलची किंमत फार असते.

न्यूटनचा दुसरा नियम सूत्राच्या रूपात बहुतेकांना पाठ असतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. परीक्षेत ते लिहून गुणही मिळतात. पण त्याची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. चालत्या वस्तूला थांबवायचे तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, शून्यावर आणावा लागतो. हे काम जितक्या कमी वेळात कराल तितके बल मोठे, जितका वेळ जास्त द्याल तितके बल लहान. झेल घेणारा खेळाडू हात मागे घेतो, उंच उडीच्या खड्ड्यात वाळू किंवा गादी असते, काचेच्या बरण्या पेंढ्यात बांधून पाठवत, ही सगळी वेळ वाढवण्याचीच युक्ती आहे. खात्री करायची असेल तर दोघांना एक जुनी चादर खालून थोडी वळवून सैल धरायला सांगा आणि कच्चे अंडे तिच्यावर जोरात फेका. अंडे फुटत नाही. (चादर ताणून धरली तर काय होईल ते करून पाहण्याआधी आईची परवानगी घ्या.)

हेल्मेटमध्ये वेगळे काय असते? त्याच्या कठीण कवचाच्या आत थर्मोकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. उभा माणूस आडवा पडला तर डोके सुमारे १६० सेंटीमीटर खाली येते. रस्त्यावर आपटून ते अवघ्या पाव सेंटीमीटरमध्ये थांबले, तर त्यावर पडणारे सरासरी बल डोक्याच्या वजनाच्या सुमारे ६४० पट होते. हेल्मेटचा थर चेपून तेच थांबणे अडीच सेंटीमीटरमध्ये झाले, तर बल ६४ पटींवर येते. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकून द्यावे लागते.

मोटारीतल्या पट्ट्याचे कामही असेच. खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा पट्टा व्होल्व्हो या स्वीडनच्या कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली तयार केला आणि कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. पट्टा बांधलेला माणूस गाडीच्या चेपणाऱ्या पुढच्या भागाबरोबर थांबतो. न बांधलेला आधी पूर्ण वेगाने पुढे जातो आणि मग काचेवर एकदम थांबतो. पुष्कळ आया तान्हे मूल मांडीवर घेऊन पुढच्या जागेवर बसतात. त्यांना वाटते, आपण घट्ट धरले आहे. हिशेब करा: मूल १० किलोचे, वेग ताशी ५४ कि.मी. म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि धडकेत गाडी एक दशांश सेकंदात थांबली. मुलाला धरून ठेवायला १५०० न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे दीडशे किलो वजन उचलण्याइतके, तेही एका क्षणात. कोणत्या आईच्या हातांत इतके बळ असते? लहान मुलासाठी पट्ट्यांची वेगळी खुर्ची मिळते, ती मागच्या जागेवर बांधतात.

लोकलच्या दारातून बाहेर झुकणाऱ्यांसाठीही एक आकडा. ताशी ६० कि.मी. वेगाने खांबावर डोके आदळणे आणि १४ मीटरवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांच्या उंचीवरून, जमिनीवर पडणे, यांत आदळण्याचा वेग एकच असतो.

तिसऱ्या नियमाबद्दल थोडक्यात. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. 'मग सर, गाडी चालते कशी?' हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणी तरी विचारतो आणि तो विचारणारा मुलगा हुशार असतो. उत्तर असे की ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना खोडू शकत नाहीत. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. हे रेटणे गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाले की बैल पुढे सरकतो, आणि बैलाची ओढ चाकांच्या अडथळ्यापेक्षा जास्त झाली की गाडी. चिखलात बैलाची ताकद कमी होत नाही, जमिनीची पकड कमी होते. रस्सीखेचीतही तेच. एका बाजूच्या गड्यांना गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभे करा आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याहून लहान, पण अनवाणी मुले. निकाल काय लागतो ते पहा.

शेवटी प्रवासात करण्याजोगा एक प्रयोग. प्लॅस्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा, फक्त एक बुडबुडा राहील इतकी हवा ठेवा, टोपण घट्ट लावा आणि गाडीत बसल्यावर बाटली गाडीच्या दिशेने आडवी धरा. ब्रेक लागला की तुम्ही पुढे झुकाल, पण बुडबुडा पळेल मागे! पाणी जड, ते पुढे जाते आणि हलक्या हवेला मागे सारते. आता सांगा, जत्रेतला हवेपेक्षा हलका गॅसचा फुगा काचा लावलेल्या मोटारीत दोरीने बांधून ठेवला आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तर फुगा कुणीकडे झुकेल?