जळगाव जामोदमध्येच दुरुस्त होईल अशी गिटार

जळगाव जामोदमध्ये कुणाला इलेक्ट्रिक गिटार हवी असेल तर ती बहुधा कुरिअरच्या खोक्यातून येते, नाहीतर अकोल्याला किंवा पुण्याला शिकायला गेलेलं घरातलं कुणीतरी सुट्टीत घेऊन येतं. भिंतीवर टांगलेल्या गिटारी एकेक उतरवून वाजवून पाहायची सोय मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या, 1865 पासून चालत आलेल्या दुकानाच्या गिऱ्हाइकाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याच्या गावाला ती नाही. मग मोबाईलवर शोध सुरू होतो, तो दोन प्रश्नांचा: कंपनी कोणती चांगली, आणि आवाज कुणाचा भारी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याही आधी विचारायचा एक प्रश्न राहून जातो. सहा महिन्यांनी तार खरखरू लागली, सूर हलू लागला, नॉब फिरवताना आवाज तुटू लागला, तर ही गिटार गावातच नीट होईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कमी किमतीत मिळालेली गिटारही शेवटी महागात पडते, कारण ती कपाटावर जाते आणि शिकणाऱ्याची उमेदही तिच्याबरोबर जाते.

गावात दुरुस्तीची अपेक्षा धरणं अवाजवी नाही, कारण इलेक्ट्रिक गिटारीची आजची घडण एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या माणसाने ठरवलेली आहे. लिओ फेंडर 1909 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या मुलखात जन्मले आणि 1938 मध्ये त्यांनी फुलर्टन या गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या संत्रापट्ट्यातल्या वाचकाला ते गाव फार परकं वाटू नये. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. विजेवर वाजणाऱ्या गिटारी त्यांच्या आधीही होत्या. रिकनबॅकर कंपनीची गिटार 1932 मध्येच बाजारात आली होती. पण तेव्हाच्या चांगल्या गिटारीची नेक, म्हणजे दांडी, सरसाने पक्की चिकटवलेली असे. ती बिघडली की निष्णात कारागिराशिवाय इलाज नसे. फेंडर यांनी 1950 मध्ये विक्रीला आणलेल्या, पुढे टेलिकास्टर या नावाने ओळखल्या गेलेल्या भरीव गिटारीत नेक स्क्रूंनी बसवली. स्क्रू काढले की नेक हातात येते. आतले भागही रेडिओवाल्याच्या ओळखीचेच: व्हॉल्यूमचा कंट्रोल, एखादा कपॅसिटर, जॅक आणि थोडी वायर. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरचंही तंत्र हेच, आणि आज स्वस्त गटात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटारी या दोन नमुन्यांच्या वंशातल्या आहेत. टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा जो माणूस सोल्डरिंग करतो, तो तुटलेली जॅकची वायर जोडू शकतो. दुचाकीच्या गॅरेजमधली योग्य मापाची एलन-की नेकच्या आतल्या सळईला लागू शकते. गिटार निवडताना गावातलं हे कसब हिशेबात धरायला हवं.

आपल्याकडे वाद्य पारखायची रीत वेगळी आहे, आणि त्या वाद्यांपुरती ती अगदी योग्य आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांत भोपळा, लाकूड आणि जवारी लावणारा हात यांच्यातून आवाज घडतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारीचं तसं नाही. तिची पोलादी तार पिकअपमधल्या लोहचुंबकावर थरथरते, त्यामुळे भोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो. यात लाकडाचा वाटा फार थोडा. विजेविना वाजणाऱ्या पोकळ गिटारीचाही एक प्रयोग ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला आहे. मागच्या आणि बाजूच्या फळ्यांचं लाकूड सोडून बाकी सारख्या बनवलेल्या 6 गिटारी 52 वादकांना, लाकूड ओळखता येणार नाही अशा व्यवस्थेत वाजवायला दिल्या. महागड्या ब्राझिलियन रोझवूडला साध्या लाकडापेक्षा सरस ठरवणं त्यांना जमलं नाही. वरची फळी बदलली असती तर निकाल वेगळा लागला असता, हे मान्य. पण भरीव गिटारीत आवाज देणारी तशी फळीच नसते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडमध्ये ब्रायन मे जी गिटार वाजवत आले, ती त्यांनी वडिलांच्या मदतीने 1963 पासून घरीच बनवली होती. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आणि तिच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या आहेत. म्हणून जाहिरातीतल्या लाकडाच्या नावासाठी चार-पाच हजार जास्त मोजायचं कारण नाही.

पैसे खर्चावेत ते मोजमाप आणि हातकाम यांवर. फेंडर पद्धतीच्या गिटारीत नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) तारेची लांबी साधारण 648 मिलिमीटर असते, पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून 36.4 मिलिमीटरवर येतो आणि पुढचं प्रत्येक अंतर ठरावीक प्रमाणात घटत जातं. कारखान्यात आज संगणकावर चालणारी यंत्रं हे काम करतात, त्यामुळे स्वस्त गिटारीतही फ्रेटची जागा सहसा चुकत नाही. जिथे माणसाचा हात लागतो तिथे मात्र काटकसर केलेली असते. नटच्या खाचा पुरेशा खोल घासलेल्या नसतात, एखादा फ्रेट शेजाऱ्यापेक्षा उंच राहतो, कडा टोचतात. नट उंच असला तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली तार जास्त ताणली जाऊन सूर चढा लागतो, आणि नवख्या मुलाला वाटतं, आपलाच कान कच्चा आहे. खराब जुळणीच्या गिटारीचं हे सर्वांत मोठं नुकसान, कारण ती शिकणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास घालवते. त्यात आपलं हवामान. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो तेव्हा लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरतं. सहा तारांचा मिळून जवळपास 40 किलोचा ताण नेक सोसत असते आणि ऋतूबरोबर ती थोडी वाकते. आतली सळई एका वेळी पाव आटा फिरवून ती सरळ करता येते. ते शिकून घेणं अवघड नाही.

खोकं उघडताना व्हिडिओ करावा आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी उरकावी. नेक टोकाकडून पाहून ती पिळलेली नाही ना, हे आधी बघावं. थोडा बाक सळईने जातो, पीळ जात नाही. पिळलेली गिटार त्याच दिवशी परत पाठवावी. मग ट्यूनर अ‍ॅपवर तारा जुळवून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. वेळखाऊ आहे, पण टाळू नये. कुठे खर्जात खरखर आहे, कुठे दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर येतो, ते लिहून ठेवावं. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून येणारा सूर आणि तीच तार दाबून येणारा सूर एकच यायला हवा. फरक असेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून तो काढता येतो. शेवटी केबल लावून सगळे नॉब आणि पिकअपचा खटका फिरवून पाहावा. ब्रिजची उंची आणि सळई घरी नीट करता येते, नॉबची खरखर गावात जाते. फ्रेट घासून सपाट करण्याचं काम मात्र जाणत्या कारागिराचंच, त्यामुळे तो दोष दिसला तर गिटार ठेवू नये.

प्रत्यक्ष निवडीत 15 ते 25 हजारांच्या पट्ट्यात यामाहाची पॅसिफिका, स्क्वायर, आयबानेझची जिओ मालिका आणि कॉर्ट यांचा विचार आधी करावा. मोठ्या नावासाठी नव्हे, तर त्यांचे सुटे भाग प्रचलित मापाचे असतात आणि शिकणं सुटलं तरी त्या पुन्हा विकल्या जातात म्हणून. पिकअप निवडताना ब्रिजजवळ हंबकर असलेली गिटार घ्यावी. 1955 च्या सुमारास गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी बनवलेल्या या दोन कॉइलांच्या पिकअपमध्ये आसपासच्या विजेची घरघर आपोआप कटते, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरात ही मोठी सोय आहे. ब्रिज स्थिर असावा. मुलांना हव्या असलेल्या टोकदार गिटारींवर अनेकदा फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज असतो. त्यात एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि स्वस्त नकलेत त्याच्या धारा लवकर झिजतात. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीचा साधा हलणारा ब्रिज आलाच, तर मागच्या स्प्रिंगा स्क्रूड्रायव्हरने घट्ट करून तो बॉडीला टेकवून ठेवता येतो.

आधी साध्या गिटारीवर बोटं घट्ट करावीत, मग इलेक्ट्रिककडे वळावं, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य इतकंच की साध्या गिटारीला अ‍ॅम्प लागत नाही. पण तिच्या तारा जाड असतात, स्वस्त गिटारीत त्या उंचही असतात आणि पोकळ लाकडाला आपला उन्हाळा जास्त बाधतो. बारा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिकची 9 नंबरची तार दाबणं पुष्कळ सोपं जातं. वीज जाते त्याचं काय, असा दुसरा आक्षेप. शांत खोलीत इलेक्ट्रिक गिटार विजेविनाही सरावापुरती ऐकू येते आणि बॅटरीवरचा हेडफोन अ‍ॅम्प शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. थोडं थांबून 50 हजारांचीच घ्यावी, असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगायचं की त्या गिटारीलाही मे आणि जुलै चुकत नाहीत, आणि तिची जुळणीही कुणीतरी करावीच लागते. पूर्ण पैसे गिटारीवर न घालता तीनेक हजार तारा, ट्यूनर, एलन-की आणि एकदा अकोल्यात किंवा नागपुरात करून घ्यायच्या सेटअपसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

पिकअप लावलेली तार महाराष्ट्राच्या रस्त्यांना नवी नाही. वरातीतला आणि जयंतीच्या मिरवणुकीतला बेंजो वर्षानुवर्षं तशीच वाजवतो. पण त्यामुळेच एक धोकादायक सवय गिटारीपर्यंत येते, ती म्हणजे मंडपातल्या मशीनला थेट जोडणी. आहुजासारख्या लाऊडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गिटार वाजते, पण पिकअपचा अवरोध मोठा असल्याने तिची धार जाते. मध्ये एखादा मल्टि-इफेक्ट किंवा डीआय बॉक्स ठेवला की आवाज खुलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प एका बोर्डावर, माईक दुसऱ्यावर आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग सदोष असेल, तर हातात तारा आणि ओठांना माईक लागताच करंट माणसातून जातो. 1972 मध्ये स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वे स्वान्सीच्या रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेले. गणपतीत किंवा जयंतीला वाजवायला जाताना वायरमनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्यावं, अ‍ॅम्प आणि माईकचं मशीन एकाच तीन पिनांच्या बोर्डावर लावावं, आणि अर्थिंगची पिन मोडलेला प्लग बदलेपर्यंत गिटारीला केबल जोडू नये.